हात द्यायची जागा

॥ श्री ॥

कुरकुंभ, ता. दौंड
७ जून १९९८

ती. अनसावहिनीस,
संपतचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आजवर तुम्हाला पत्र लिहिताना ‘ती. सौ.’ असा हात आपोआप चालायचा. या वेळी तिथंच थांबला. आता जे लिहायची रीत आहे ते मला लिहवलं नाही. नुसतं तीर्थरूप लिहिलं आहे, तेवढं गोड मानून घ्या.

दादा चैत्रात गेला. मी कंपनीत पाळ्या करतो, काम थांबत नाही. पण जेवणाच्या सुट्टीत कुणी घरचं विचारलं की मी डब्यात बघून जेवत राहतो. पूनम म्हणते, एकदा मोकळं बोला. ते मला जमत नाही, आणि तुम्हालाही जमत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून कामाचंच लिहितो.

वरवंडच्या बाजारात आपल्या वस्तीवरची माणसं भेटली. त्यांच्याकडून कळलं की दादाची होडी बंद नाही, ती तुम्हीच चालवता. आणि हेही कळलं, की धुरपदाकाकी होडीत घसरून पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. मी घरी येऊन पूनमला सांगितलं, तर ती म्हणाली, जाऊबाई वाऱ्यात छत्री धरायच्या तेव्हा छत्रीच त्यांना ओढून न्यायची, त्यांनी भीमेत वल्हं कसं धरलं? हसत म्हणाली, पण मग तिनंच पत्राचा कागद माझ्यापुढं ठेवला.

वहिनी, तुम्ही आणि स्वप्नाली इकडं या. खोली लहान आहे, पण शाळा जवळ आहे. होडी कुणाला तरी चालवायला देऊ. नदी आहे, ती कुणाची ओळख ठेवत नाही. मला एकदा झालं ते पुरे आहे.

स्वप्नालीस आशीर्वाद. दादा होता म्हणून आपला लोभ होता असं नाही. तो पूर्वीसारखाच माझ्यावर ठेवावा.

तुमचा,
संपत

---

॥ श्री ॥

राहू, नदीवस्ती
१५ जून १९९८

चि. संपतभाऊजींस,
अनसाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. नुसतं तीर्थरूप लिहिलंत ते बरं केलंत. पूनमला सांगा, छत्री वाऱ्यात धरायची असते आणि वल्हं पाण्यात. पाणी वाऱ्यापेक्षा शहाणं असतं. वल्हं मारायला मला तुमच्या दादांनीच शिकवलं, लग्न झालं त्याच वर्षी. मी नको म्हणत होते, लोक हसतील म्हणून. तर म्हणाले, मला कधी ताप आला तर पल्याडच्या माणसांनी काय पोहत यायचं का?

धुरपदाकाकींचं खरं आहे. पल्याडचं, शिरूर बाजूचं दूध आपल्याच होडीतून अल्याडच्या डेअरीला येतं. किटल्या हिंदकळतात, दूध सांडतं, वरून चिखलाचे पाय पडतात. होडीच्या तोंडाकडच्या ज्या फळ्यांवरून माणूस चढतो-उतरतो, त्या झिजून आरशासारख्या झाल्या आहेत.

पण भाऊजी, फळ्या काही यंदाच झिजल्या नाहीत. मग तुमच्या दादांच्या वेळी कुणी कसं पडलं नाही? याचा मी बरेच दिवस विचार करत होते. मग ध्यानात आलं. ते चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येकाला हात द्यायचे. म्हातारं असो, शाळेतलं पोर असो, हात पुढं असायचाच. मीही हात पुढं करते. बायका धरतात. पुरुषमाणसं धरत नाहीत. विधवा बाईचा हात चारचौघांत कोण धरणार? कुणी छत्रीचं टोक पुढं करतो, कुणी दुसरीकडं बघत उडी मारतो. त्या दिवशीही एकानं माझा हात चुकवून काठावर उडी टाकली, होडी हेलकावली आणि मागं उभ्या असलेल्या धुरपदाकाकी किटलीसकट आडव्या झाल्या. मला कुणाचा राग नाही. रीत आहे. पण रीतीवर पाय ठरत नाही.

यावरून देवळापाशी बैठक झाली. वस्तीतले जाणते म्हणून आपले बिरूआप्पा पुढं होते. म्हणाले, हनुमंताची बायकू म्हणून आदर हाय, पर ह्ये बाईचं काम न्हाई. शेवटी असं ठरलं, की पोळ्यापर्यंत बघायचं. तोवर आणखी कुणी पडून दुखापत झाली, तर होडी दुसऱ्याच्या हाती द्यायची.

होडी गेली तर मी कुरकुंभला येईन. तुम्ही अंतर देणार नाही हे मी जाणते. पण ती आहे तोवर माझा पाय इथून निघत नाही. सकाळी दोर सोडला की ते मागं बसलेत असं वाटतं. यापुढं हे लिहीत नाही.

एक आठवलं. संध्याकाळी घरी आले की ते उजवा हात मांडीवर उताणा टाकून बसायचे. ताट समोर आलं तरी लवकर जेवायचे नाहीत. मी चिडवायचे, की आता घास भरवू का? नुसतं हसायचे.

असो. माझा हात धरत नाहीत, तर आता फळीनंच माणसाला धरलं पाहिजे. ट्रंकेत सणगराकडची दोन कोरी घोंगडी आहेत, आत्याबाईंनी विणून घेतलेली. चांगली खरबरीत आहेत. ती फळ्यांवर ताणून ठोकावी म्हणते. तुमचं मत कळवा.

पूनमला आशीर्वाद. आमची काळजी करा, पण जेवताना करू नका.

तुमची,
अनसावहिनी

---

॥ श्री ॥

कुरकुंभ
२२ जून १९९८

ती. अनसावहिनीस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पूनमला वाचून दाखवलं. हात देण्याचं आलं तिथं मला पुढं वाचता येईना, ते तिनं वाचलं. मी त्या होडीतून किती वेळा गेलो असेन! दादानं हात दिला आणि मी धरला, एवढंच. त्यात काही काम आहे हे कधी मनात आलं नाही.

होडी सोडा असं मी पुन्हा लिहिणार नाही. घोंगड्याची युक्ती मला एकदम पटली. आपण धनगर, मेंढरं गेली पण लोकर काही सुटत नाही. मेंढराच्या पाठीवरची वस्तू माणसाच्या पाठीवर आली, आता होडीच्या पाठीवर जाईल. मला विचाराल तर आजच ठोका. बारीक रुंद डोक्याचे खिळे बाजारच्या माणसाबरोबर पाठवत आहे. इथं पाळीवरच्या मित्रांनाही सांगितलं, सगळे म्हणाले, तुमच्या वहिनींचं डोकं चालतं. मी मान डोलावली, जसं काही ते डोकं माझंच आहे.

आप्पांचं मनावर घेऊ नका. बोलणं तिखट असलं तरी माणूस आतून वाईट नाही.

तुमच्या आशीर्वादात आम्हाला थोडी जागा राखून ठेवा.

तुमचा,
संपत

---

॥ श्री ॥

राहू, नदीवस्ती
९ जुलै १९९८

चि. संपतभाऊजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या मित्रांना सांगा, वहिनींचं डोकं चाललं ते थेट पाण्यात गेलं.

घोंगडी ठोकली. पहिल्या दिवशी सगळ्यांनी वाखाणली. स्वप्नाली त्यावर उड्या मारत होती. बिरूआप्पांनीसुद्धा पायानं चाचपून पाहिलं, चेहरा मऊ झाला. मी मनात म्हटलं, जिंकलं.

दुसऱ्या दिवशी लाट आत आली आणि घोंगडी चिंब भिजली. भाऊजी, तुम्ही धनगर आणि मी धनगरीण, आणि दोघांनाही एक गोष्ट आठवू नये! कोऱ्या घोंगड्याला सणगर चिंचोक्याची खळ लावतो. ती खळ होती म्हणून तर घोंगडी खरबरीत लागत होती. पाणी लागताच ती सुटली आणि सगळा पृष्ठभाग चिरलेल्या भेंडीसारखा बुळबुळीत झाला. त्यावर पहिला पाय बिरूआप्पांचा पडला. ते बसल्या बसल्या, सावकाश, काठीसकट घसरत होडीच्या तोंडापर्यंत गेले आणि तिथून गुडघाभर पाण्यात. मुंडासं वेगळं तरंगत चाललं. ते स्वप्नालीनं बांबूनं ओढून घेतलं.

लागलं नाही, देवाची कृपा. आधी कुणी हसेना. मग आप्पाच पाण्यातून म्हणाले, घोंगडं लग्नात बसाय बघितलं, देवापुढं बघितलं, मढ्यावर बघितलं, पर बसून जत्रंत घसरगुंडी खेळाय आजच बघितलं. तेव्हा सगळे हसले. मीही हसले. किती दिवसांनी हसले ते मलाच कळलं नाही, आणि लगेच लाज वाटली.

पण काठावर आल्यावर ते पुन्हा गंभीर झाले. म्हणाले, दुखापत झाली न्हाई म्हनून ह्ये धरीत न्हाई. आता दुसरं पडलं की संपलं.

खळ धुऊन घोंगडी परत घालून पाहिली. तर ती इतकं पाणी पितात की होडीचं तोंड खाली जातं, वास येतो तो वेगळाच. काठावरची कुत्री होडीमागं यायला लागली. शेवटी काढली.

ती काढताना मात्र एक दिसलं. फळ्यांवर साठलेला चिखल खरवडला, तेव्हा तोंडाच्या डाव्या अंगाला सुताराच्या वाकसानं मारलेल्या आडव्यातिडव्या खाचा निघाल्या. फार जागा नाही, दोन पावलं मावतील एवढीच. तुमचे दादा तिथंच उभे राहायचे. मी आधी म्हटलं, स्वतःपुरतं बरं केलं त्यांनी. मग तिथं उभी राहिले आणि उमजलं. समोरचा घसरला तर त्याचा सगळा भार यांच्या हातावर येणार. तेव्हा यांचा पाय हलून चालणार नव्हतं. खाचा स्वतःसाठी नव्हत्या.

सगळ्या फळ्यांना तशा खाचा माराव्यात असं मनात आलं. पण फळ्या झिजून पातळ झाल्या आहेत, सुताराचं म्हणणं पडलं की चिरतील. नव्या घालायची आपली ऐपत नाही. आता काय करावं ते सुचत नाही. सध्या फळ्यांवर राख टाकते, ती दुपारपर्यंत वाहून जाते.

तुम्हाला काही सुचलं तर कळवा. या वेळी मित्रांना विचारण्याआधी एकदा भिजवून बघा.

तुमची,
अनसावहिनी

---

॥ श्री ॥

कुरकुंभ
१९ जुलै १९९८

ती. अनसावहिनीस,
सा. न. वि. वि.

आप्पांचं मुंडासं वाचून पूनमच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकी हसली. खळ मला आठवायला हवी होती. लहानपणी चिंचोके आम्हीच भरडून द्यायचो.

दादाच्या खाचांचं मी कुणाला सांगितलं नाही. पण वाचल्यावर कामावर जाताना लांबच्या रस्त्यानं गेलो.

आता कामाचं. आमच्या प्लांटमध्ये एक लोखंडी माळा आहे, तिथं सारखं पाणी नाहीतर तेलकट काहीतरी सांडलेलं असतं, पण बूट घसरत नाही. मी आजवर त्यावरून चालत होतो, वाकून बघितलं नव्हतं. परवा हात लावून पाहिला तर रंगातच काहीतरी खरखरीत. रंगवणारा दौंडचा सिद्दीक पेंटर. त्याला गाठलं. तो म्हणाला, इथं कंपनीनं बाहेरची महाग पूड दिली होती, पण तेच काम तुमच्या नदीची वाळू करते.

मी डांबराचं विचारलं, ते स्वस्त पडेल म्हणून. तर म्हणाला, डांबर पाय धरतं खरं, पण उन्हात सोडत नाही. तुमच्या वहिनी पल्याड पोचतील आणि पॅसेंजर होडीतच राहतील.

त्यानं सांगितलेलं नीट लिहितो. वाळू धुऊन तिच्यातली माती काढायची, कडक उन्हात वाळवायची आणि चाळायची. पिठासारखी नको, ती रंगात बुडून जाते. खड्यासारखी नको, ती पाय सोलते. रव्यासारखी हवी. फळ्या खरवडून पुऱ्या सुकवायच्या. ऑइलपेंटचा जाड हात द्यायचा आणि तो ओला असतानाच वरून वाळू पेरायची, मुठीनं नाही, चाळणीनं. सुकला की सुटी वाळू झाडून टाकायची आणि वरून रंगाचा दुसरा हात. हा दुसरा हात चुकवला तर महिन्याभरात सगळी वाळू नदीत परत. आणि बायका जिथं बसतात तिथं वाळू टाकायची नाही, लुगडी फाटतील.

रंगाचं मी विचारायच्या आधीच तो म्हणाला, घरांच्या कामातून उरलेले त्याच्याकडं अर्धे-पाव डबे पडून आहेत. सगळे एकत्र केले तर जो रंग होईल त्याला नाव नसेल, पण रंग असेल. मी संकोचलो. तेव्हा त्यानं सांगितलं, की त्याची अम्मी हमीदाबी आजारी होती तेव्हा पल्याडच्या नातलगाकडून तिला आणताना दादानं तिला उचलून होडीत घेतलं होतं, आणि उतरल्यावर रस्त्यापर्यंत चालत पोचवलं होतं. दादानं हे घरी सांगितलं होतं का? मला तर ठाऊक नव्हतं.

अडचण एकच. होडी पाण्याबाहेर काढून चांगली सुकवावी लागेल, आणि दिवस श्रावणाचे येत आहेत. तेवढे दिवस पल्याडच्या लोकांना बंधाऱ्यावरून लांबचा वळसा पडेल. आप्पा बोलतील. पण वहिनी, नदीत वल्हं मारणाऱ्या बाईला आप्पांच्या बोलण्याचं काय मोठं! मी रविवारी सिद्दीकला घेऊन येतो.

माया आहेच, ती सुकू देऊ नये.

तुमचा,
संपत

---

॥ श्री ॥

राहू, नदीवस्ती
१६ ऑगस्ट १९९८

चि. संपतभाऊजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुम्ही सिद्दीकभाईंना घेऊन आलात, होडी गोठ्यापर्यंत ओढून दिलीत आणि पाळी होती म्हणून त्याच पावली परत गेलात. ते मात्र आठवडाभर येऊन-जाऊन होते. पुढचं तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहिते.

वाळू मी आपल्याच घाटाची घेतली. धुऊन धुऊन हात पांढरे पडले. चाळायला बसले तर शेजारच्या बायका जमल्या. बिरूआप्पा वाटेनं जाताना म्हणाले, लाडू कवा वळायचे? मी म्हटलं, आप्पा, पहिला तुम्हालाच, पण दात सांभाळा. मी असं बोलेन असं त्यांना वाटलं नव्हतं. मलाही नव्हतं.

लोकांचे हाल झाले. वळसा पडला, दूध नासलं, बोलणीही बसली. धुरपदाकाकी मात्र गळ्यात हात बांधून रोज येऊन बसायच्या आणि कुणी कुरकुर केली की प्लास्टर वर करून दाखवायच्या. म्हणायच्या, ह्ये पाहिजे का वळसा पाहिजे, सांगा.

पहिला हात देऊन वाळू पेरली आणि आभाळ भरून आलं. गोठ्याचं छप्पर गळतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. सिद्दीकभाई अल्ला अल्ला करायला लागले. तेव्हा धुतलेली घोंगडी आठवली. ती दोन्ही होडीवर तंबूसारखी ताणली. सर येऊन गेली, आत एक थेंब पडला नाही. घोंगडं पायाखाली घालायची वस्तू नाही, डोक्यावर घ्यायची आहे, एवढंच ते सांगत होतं. आत्याबाई असत्या तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

रंग हिरवाही नाही, विटकरीही नाही. स्वप्नाली म्हणते म्हशीच्या जिभेचा आहे. पण पाय असा धरतो की काय सांगू! वरून दूध ओतलं, चिखल केला, मी ओल्या पायानं चालले, वळले. हलले नाही.

तुमच्या दादांच्या खाचा होत्या तेवढी जागा कोरी ठेवली. मी सांगणार होते, पण सिद्दीकभाईंनी आपणहूनच तिथं ब्रश थांबवला आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी ब्रश पुढच्या फळीवर नेला. चांगलं माणूस आहे. हमीदाबींचं तुमच्या दादांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं.

होडी परवा पाण्यात घातली. आता मी त्या खाचांवर उभी राहते. त्यांच्या पावलांच्या मानानं माझी लहान पडतात, पण बसतात.

अजून हात पुढं करतेच. आता कुणी घसरत नाही, तेव्हा कुणाला गरज नाही. तरी करते. पोळ्यानंतरच्या बैठकीत काय होतं ते कळवीन. तोवर आठवण असू द्या.

तुमची,
अनसावहिनी

---

॥ श्री ॥

राहू, नदीवस्ती
२७ सप्टेंबर १९९८

चि. संपतभाऊजींस आणि चि. सौ. पूनमला,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बैठक झाली. होडी आपल्याकडंच राहिली. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं सावकाश वाचाल.

बैठकीच्या दिवशी नदी दोन्ही काठ धरून होती. पल्याडची माणसं बैठकीला यायची तर आपल्याच होडीतून. बिरूआप्पाही सकाळी पल्याड लेकीकडं गेले होते, तेही त्याच खेपेला होते. होडी भरलेली. आप्पांनी नवं पायताण घातलं होतं, कोरं, तळाला गुळगुळीत. मला वाटलं मागचं घसरणं विसरले असतील. पण नाही, मुद्दाम घातलं होतं. काठ जवळ आल्यावर त्यांनी एका पोरीच्या किटलीतलं दूध फळ्यांवर ओतायला लावलं. ती घाबरली, तर म्हणाले, ओत गं, भरून देतो. मग सगळ्यांदेखत त्यावरून तोंडापर्यंत चालत गेले, परत आले, पुन्हा गेले. काठी बगलेत. एकदा मुद्दाम टाच घासून पाहिली. फळीनं त्यांना सोडलं नाही.

होडी काठाला लागली. आप्पा तोंडाशी उभे, मी माझ्या जागेवर. रोजच्यासारखा मी हात पुढं केला, आणि रोजच्यासारखं ते काठी टेकून उतरतील म्हणून मी पाण्याकडं बघत राहिले. ते उतरेनात. बघते तर आप्पांनी काठी डाव्या हातात घेतलेली आणि उजवा हात पुढं केलेला. म्हणाले, पाय घसरत न्हाई आता, ते कळलं. पर हनुमंतानं हात धरून उतरायची सवं लावलीय, ती आम्ही काय म्हनून मोडावी? धर पोरी.

मी धरला. म्हातारा वाटतो तेवढा हलका नाही. सगळा भार टाकला त्यांनी. माझा पाय खाचेतून हलला नाही.

त्यांच्या मागं जो होता, तो क्षणभर घुटमळला. आप्पा काठावरून ओरडले, बघतो काय, तुझा काय मान जातो का? मग त्यानं हात पुढं केला. त्याच्या मागच्यानंही. सगळी होडी तशी उतरली. बैठकीत नंतर विशेष काही बोलणं झालं नाही. आप्पा एवढंच म्हणाले, की होडीचं काय ठरवायचंय, दुसऱ्या विषयाला हात घाला.

तेव्हापासून सगळे हात धरतात. ज्यांना गरज नाही तेसुद्धा. शाळेची पोरं तर उतरून परत चढतात, पुन्हा हात धरायला मिळावा म्हणून. बाजारच्या दिवशी तर खंडच नसतो.

सिद्दीकभाईंना निरोप द्या, रंगाला नाव नसलं तरी त्यांचं नाव घाटावर सगळ्यांच्या तोंडी आहे. होडीतली पहिली रिकामी जागा त्यांची.

दिवाळीला दोघं या. बंधाऱ्यावरून नका येऊ, होडीनं या. तुम्ही दादा गेल्यापासून तिच्यात बसला नाहीत, हे मी पाहिलं आहे. ओढून दिलीत, पण पाय टाकला नाहीत. मी हात देईन.

पत्र इथंच पुरं करते. अक्षर वाकडं आलं आहे, समजून घ्या. बोटं वळत नाहीत. काल बाजार होता. संध्याकाळी घरी आले आणि भिंतीला टेकून बसले, तर उजवा हात आपोआप मांडीवर उताणा पडला. स्वप्नालीनं ताट आणून समोर ठेवलं. मला हात उचलवेना. तिनं विचारलं, आई, घास भरवू का?

तेव्हा कळलं, भाऊजी. इतकी वर्षं ते का नुसतं हसायचे, ते तेव्हा कळलं.

तुमची,
अनसावहिनी